आर्माची गादी, ११२९ ते ११३७: बिशप मॅलकीच्या आयुष्यातलं एक प्रकरण

१ एप्रिल ११२९ रोजी आर्माचा आर्चबिशप केलाख वारला. आर्मा आयर्लंडच्या उत्तरेला. मरण आलं ते दूर दक्षिणेत, मन्स्टर प्रांतातल्या आर्डपॅट्रिक इथं. वय पन्नाशीच्या आतलंच होतं. शेवटच्या दुखण्यात त्यानं दोन कामं उरकून घेतली. आपली बिशपपदाची काठी त्यानं मॅलकी नावाच्या एका तरुण बिशपाकडे पाठवून दिली. आणि मन्स्टरच्या दोन राजांना व सरदारांना कळवलं, की आयर्लंडचा आद्य धर्मप्रसारक संत पॅट्रिक याची आण आहे, माझ्यामागे आर्माच्या गादीवर मॅलकीच बसला पाहिजे.

काठी लगेच मिळाली. आर्मा शहरात शिरायला मात्र मॅलकीला साडेपाच वर्षं लागली, आणि गादी ताब्यात आल्यावर तीन वर्षांच्या आत त्यानं ती आपणहून सोडून दिली. एवढंच वाचलं तर हा माणूस हरला असं वाटेल. पण हे प्रकरण जितकं तपशिलात पाहावं तितकं मला पटत गेलं, की गादी सोडणं हीच या सगळ्या व्यवहारातली सर्वांत नेमकी चाल होती, आणि ती त्यानं पद स्वीकारण्याआधीच सगळ्यांसमोर बोलून ठेवली होती.

मॅलकीचं नाव मराठी वाचकाच्या कानावर आलं असेल तर ते बहुधा पोपांच्या भाकितांमुळे. नवा पोप निवडायची वेळ आली की ‘संत मॅलकीची भविष्यवाणी’ समाजमाध्यमांवर फिरू लागते. ती यादी पहिल्यांदा छापली गेली १५९५ मध्ये, म्हणजे मॅलकी जाऊन जवळजवळ साडेचारशे वर्षं झाल्यावर, आणि ती बनावट आहे याबद्दल इतिहासकारांत फारसं दुमत नाही. खऱ्या मॅलकीचं काम त्या यादीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे, म्हणून ती इथंच बाजूला ठेवतो.

गादी आणि तिचे हक्कदार

पाचव्या शतकात संत पॅट्रिकनं आपलं मुख्य चर्च आर्माला स्थापलं, अशी तिथली परंपरा. त्याच्या गादीवर बसणाऱ्याला आयर्लंडच्या गेलिक भाषेत ‘कोमर्बा’ म्हणत. कोमर्बा म्हणजे वारसदार. त्या काळच्या आयर्लंडमधली चर्चची घडी युरोपातल्या इतर देशांहून वेगळी होती. मठाभोवतीच वस्ती, मठातच शाळा, मठाच्याच नावे जमिनी. मठाचा आणि त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणारा कोमर्बा हा खरा सत्ताधीश. दीक्षा देणं, चर्च पवित्र करणं यांसारखी कामं बिशपाशिवाय होत नसत, म्हणून बिशपही असे. त्याला मान मोठा होता. किल्ल्या मात्र कोमर्बाच्या कमरेला.

९६६ पासून आर्माचं कोमर्बापद क्लान शीनख या एकाच घराण्यात राहिलं. काकाकडून पुतण्याकडे, भावाकडून भावाकडे, पण घराबाहेर नाही. फ्रान्समधल्या क्लेर्व्हो मठाचा प्रमुख बर्नार याने मॅलकीचं चरित्र लिहिलं आहे. तो संतापून सांगतो, की पंधरा पिढ्या ही गादी वारसाहक्कानं चालली आणि केलाखच्या आधीचे आठ जण तर बायकामुलांचे, दीक्षा न घेतलेले होते. त्याच वाक्यात तो एक कबुलीही देतो: ते शिकलेले होते. ही कबुली मला फार महत्त्वाची वाटते, कारण क्लान शीनख म्हणजे नुसती चर्चच्या उत्पन्नावर बसलेली टोळी, असं चित्र बर्नारच्या भरात सहज उभं राहतं आणि ते अर्धवट आहे.

या घराण्यानं दीडशेहून अधिक वर्षं आर्माची विद्यापरंपरा, पोथ्या आणि जमिनी सांभाळल्या. केलाखच्या आधीचा कोमर्बा डोनल हा आयर्लंडच्या दोन सर्वांत बलाढ्य राजांमध्ये वर्षानुवर्षं तह घडवत फिरला. ११०५ मध्ये अशाच एका तहासाठी डब्लिनला गेलेला असताना तो आजारी पडला आणि परतीच्या वाटेवर वारला. आर्माच्या कोमर्बाचा शब्द राजे ऐकत, कारण तो पॅट्रिकच्या नावानं बोलत असे. वतन होतंच, पण त्या वतनाबरोबर जबाबदारीही होती आणि ती पार पाडणारी माणसंही या घरात निपजली.

उत्पन्नही मोठं होतं. कोमर्बा प्रांताप्रांतांतून फेरा काढी आणि पॅट्रिकच्या नावची पट्टी गोळा करी. केलाखनं ११०६ मध्ये उत्तरेत केनेल ओवेन या राजकुळाच्या मुलखात पहिला फेरा काढला, त्याचे दर अल्स्टरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या प्रांताच्या, वर्षवार वृत्तांतात नोंदलेले आहेत: दर सहा जणांमागे एक गाय, किंवा दर चौघांमागे अर्धा औंस चांदी, शिवाय स्वखुशीच्या देणग्या. मन्स्टरमध्ये प्रत्येक परगण्यामागे सात गाई, सात मेंढ्या आणि अर्धा औंस चांदी. हा हिशेब पाहिला की पुढची पाच-सहा वर्षं लोक एकमेकांच्या जिवावर का उठले ते कळतं.

घरातूनच पडलेली फट

या प्रकरणाची सुरुवात मॅलकीपासून धरली तर चूक होईल. सुरुवात केलाखनं केली, आणि केलाख स्वतः क्लान शीनखचाच मुलगा होता. ११०५ मध्ये पंचविशीत तो गादीवर आला तो घराण्याच्या हक्कानंच. पण गादीवर येताच त्यानं धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली, जे त्याच्या आधीच्या आठ जणांनी केलं नव्हतं. पुढच्याच वर्षी आर्माचा बिशप वारला, तेव्हा केलाखनं बिशपपदही घेतलं. कोमर्बाची सत्ता आणि बिशपाचा अधिकार हे दोन्ही एका माणसात आले. हा बदल कागदावर बारीक दिसतो. त्याचा परिणाम असा, की यापुढे आर्माची गादी मागणाऱ्याला ‘तू बिशप आहेस का?’ हा प्रश्न विचारता येऊ लागला.

११११ मध्ये राह ब्रेसल इथं धर्मसभा भरली. पोपचा प्रतिनिधी, लिमरिकचा बिशप गिल्बर्ट अध्यक्षस्थानी होता. देशाचे धर्मप्रांत आखले गेले, उत्तरेला आर्मा आणि दक्षिणेला कॅशेल अशी दोन आर्चबिशपांची केंद्रं ठरली, आर्माला अग्रमान मिळाला. म्हणजे केलाखनं घराण्याला एका बाजूनं पूर्वी नव्हतं इतकं मोठं पद मिळवून दिलं, आणि दुसऱ्या बाजूनं ते पद घराण्याच्या हातून निसटेल अशी व्यवस्था केली. मरताना त्यानं सख्ख्या भावाचं नाव घेतलं नाही, चुलत्याचं नाही. बाहेरच्या माणसाचं घेतलं.

बाहेरचा म्हणजे किती बाहेरचा? मॅलकीचं गेलिक नाव माइल मेडोक उआ मोर्गर. जन्म १०९४-९५ च्या सुमारास, आर्मातच. वडील आर्माच्या मठशाळेचे मुख्य अध्यापक होते आणि मुलगा सात-आठ वर्षांचा असताना, ११०२ मध्ये, ते वारले. पुढे मॅलकी ईमार नावाच्या एका एकांतवासी साधूपाशी राहिला. केलाखनं त्याला दीक्षा दिली ती नियमानं ठरलेल्या वयाच्या आधीच, आणि आपला कारभारी म्हणून कामाला लावलं. मग तो शिकायला दक्षिणेत लिझमोरला गेला, मॅलकस या वृद्ध बिशपाकडे. मॅलकस इंग्लंडमधल्या विंचेस्टरचा मठवासी होता, कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याच्या हस्ते आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचा बिशप झालेला होता. परदेशातली चर्चव्यवस्था आतून पाहिलेला हा माणूस मॅलकीच्या पाठीशी अखेरपर्यंत उभा राहिला.

मॅलकीही परंपरेच्या बाहेर जन्मलेला नव्हता. त्याच्या आईच्या माहेरी बँगरच्या जुन्या मठाचं वतन होतं. तो प्रसिद्ध मठ उजाड पडलेला, जमिनी मात्र मामाच्या हाती. ११२४ च्या सुमारास मामानं सगळं भाच्याच्या स्वाधीन केलं. मॅलकीनं काय केलं? मठाची जागा ठेवून घेतली आणि जमिनींचा कारभार रीतीप्रमाणे निवडलेल्या दुसऱ्या माणसाकडे जाऊ दिला. दहाएक मठवासी बरोबर घेऊन, स्वतः कुऱ्हाड हातात धरून त्यानं तासलेल्या फळ्यांचं, घट्ट जोडकामाचं एक लाकडी प्रार्थनागृह थोड्याच दिवसांत उभं केलं. जमिनी सोडल्याबद्दल बर्नार नाराज आहे. त्या जमिनी धरणाऱ्यांपैकी एकानं पुढे मॅलकीलाच त्रास दिला असं तो सांगतो. मला मात्र आर्माच्या प्रकरणाची किल्ली इथंच सापडते. पद एकीकडे, मिळकत दुसरीकडे, ही विभागणी मॅलकीनं आर्माच्या आधी दहा वर्षं बँगरला करून पाहिली होती.

त्याच सुमारास तो उत्तरेतल्या कॉनरचा बिशप झाला. ११२७ मध्ये उत्तरेतल्या राजानं हल्ला केला तेव्हा मठ सोडून तो आपल्या माणसांसह मन्स्टरला आला. तिथं कॉर्मक मॅकार्थी या राजाची त्याची ओळख होती. राज्य गमावून लिझमोरच्या मठात आसरा घेतलेल्या कॉर्मकची आणि त्याची तिथं मैत्री जुळली होती. कॉर्मकला राज्य परत मिळालं आणि त्यानं मॅलकीला मठ बांधायला जागा दिली. केलाखची काठी आली ती या मठात. बर्नार सांगतो, की काठी येण्याच्या काही दिवस आधी मॅलकीला एक उंच स्त्री दिसली. ‘मी केलाखची पत्नी’ असं म्हणून तिनं त्याच्या हाती बिशपाची काठी दिली आणि ती नाहीशी झाली. केलाखची पत्नी म्हणजे आर्माचं चर्च. दृष्टान्तावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मॅलकी गादीकडे कोणत्या नात्यानं पाहत होता ते मात्र यातून कळतं.

दोन वारसदार

केलाखला लिझमोरला पुरलं. तिकडे आर्मात क्लान शीनखनं वेळ दवडली नाही. वारलेल्या कोमर्बा डोनलचा मुलगा मुर्खरताख याला त्यांनी गादीवर बसवलं. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर यात गैर काही नव्हतं: दीडशे वर्षांची वहिवाट होती, माणूस घरातला होता, मागच्या कोमर्बाचा मुलगा होता. मरणारा माणूस वतन परक्याला देऊन जाऊ शकतो हेच त्यांना मान्य नव्हतं. बर्नार त्याला बिशप न म्हणता जुलमी म्हणतो. आयरिश वृत्तांतकार मात्र त्याला सरळ पॅट्रिकचा कोमर्बा म्हणून नोंदवतात. दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या पाहिजेत. अडचण अशी, की सर्वांत भरवशाच्या अल्स्टरच्या वृत्तांतातली ११३१ नंतरची वीसेक वर्षांची पानंच गहाळ आहेत, आणि त्यामुळे बर्नारचा आवाज आपल्यापर्यंत जरा जास्तच मोठ्यानं पोचतो. त्यानं आयर्लंड कधी पाहिलं नव्हतं. त्याला जे कळलं ते मॅलकीकडून आणि आयरिश मठवाशांकडून.

तीन वर्षं मॅलकी हललाच नाही. रक्त सांडेल, शिवाय आपण आधीच एका धर्मप्रांताशी बांधलेलो आहोत, असं तो म्हणत राहिला. अखेर ११३२ मध्ये मॅलकस आणि गिल्बर्ट या दोघा वृद्धांनी बिशप आणि सरदार जमवले आणि त्याच्यावर दडपण आणलं. ऐकलं नाहीस तर बहिष्कृत करू इथपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा त्यानं दिलेलं उत्तर बर्नारनं नोंदवलं आहे. त्याचा आशय असा: तुम्ही मला मरणाकडे नेताय, पण हौतात्म्य मिळेल या आशेनं मी आज्ञा मानतो. मात्र एक अट आहे. काम तडीला गेलं, चर्च मोकळं झालं, की मला माझ्या पहिल्या चर्चकडे आणि माझ्या गरिबीकडे परत जाऊ द्या, आणि माझ्या जागी दुसरा योग्य माणूस बसवा.

ही अट विनयानं घातलेली आहे, पण तिच्यात राजकारणाची पक्की समज दिसते. क्लान शीनखला सर्वांत मोठी भीती काय असणार? एक घराणं जाऊन दुसरं येईल ही. मॅलकीलाही भाऊ होता, तोही पुढे क्लॉहरचा बिशप झाला. उआ मोर्गर हे विद्वानांचं घराणं आर्मात रुजलेलं होतं. त्यानं ‘मी राहणार नाही’ हे आधीच सांगितल्यामुळे भांडण दोन घराण्यांचं उरलं नाही.

पद स्वीकारल्यावर पुढची दोन वर्षं तो आर्मा शहरात गेला नाही. ज्यांना जीवन द्यायला आलो त्यांच्यापैकी कुणाचा जीव आपल्यामुळे जाऊ नये, हे त्याचं कारण बर्नार देतो. शहराबाहेर राहून त्यानं प्रांतभर बिशपाचं काम चालवलं. आत मुर्खरताख, त्याच्याकडे मठ आणि पॅट्रिकच्या पवित्र वस्तू. बाहेर मॅलकी, त्याच्याकडे बिशपपद आणि देशभरच्या बिशपांचा पाठिंबा. ही दोन वर्षं बहुतेक सारांशांत एका वाक्यात उरकली जातात. माझ्या मते त्यांचं वजन फार आहे. आर्मात न शिरताही आर्माचा आर्चबिशप काम करू शकतो, हे या काळात लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं मठाच्या भिंती आणि पद एकच समजलं जात होतं.

पोथी आणि सोन्यानं मढवलेली काठी

१७ सप्टेंबर ११३४ रोजी मुर्खरताख वारला. मरण्यापूर्वी त्यानं आपल्यामागे नीअलचं नाव घेतलं. नीअल हा केलाखचा सख्खा भाऊ. ज्या भावाला केलाखनं डावललं होतं तोच आता घराण्याचा उमेदवार झाला. या वेळी राजा आणि बिशप मॅलकीला घेऊन थेट आर्मात शिरले. विरोधक एका टेकडीवर हल्ल्यासाठी जमले असताना वादळ झालं, वीज पडली आणि त्यांचा म्होरक्या ठार झाला, असं बर्नार सांगतो.

नीअल पळाला, पण रिकाम्या हातांनी नाही. त्यानं दोन वस्तू बरोबर नेल्या.

पहिली पोथी. बर्नार तिला पॅट्रिकच्या मालकीची शुभवर्तमानाची पोथी म्हणतो. आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असलेली ‘आर्माची पोथी’ ती हीच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ८०७ च्या सुमारास फेर्डोम्नाख नावाच्या लेखनिकानं ती चामड्याच्या पानांवर लिहिली. आकार लहान, दोन्ही हातांत सहज मावेल इतका. आत लॅटिन नवा करार आहे, पॅट्रिकबद्दलची जुनी चरित्रं आहेत आणि पॅट्रिकनं स्वतः लिहिलेलं निवेदन आहे. एका पानावर १००५ मध्ये लिहिलेली नोंद आहे: राजा ब्रायन बोरू आर्माला आला आणि त्यानं आर्माचा अग्रमान मान्य केला. त्याच भेटीत ब्रायननं वेदीवर वीस औंस सोनं ठेवल्याचं वृत्तांत सांगतात. ही पोथी म्हणजे आर्माच्या हक्कांचं दप्तरच. लोक तर ती पॅट्रिकच्या हातची समजत.

दुसरी वस्तू काठी. ‘बाखल ईसू’, येशूची काठी. खुद्द येशूकडून ती पॅट्रिकला मिळाली अशी श्रद्धा होती. सोन्यानं मढवलेली, रत्नं जडवलेली. तिच्यावर हात ठेवून शपथा घेतल्या जात, तह होत. ज्याच्याकडे या दोन वस्तू तोच पॅट्रिकचा वारस, असं लोक मानतात, हे बर्नार चिडून लिहितो. असं मानणाऱ्यांना तो मूर्ख म्हणतो. मला त्या लोकांना मूर्ख म्हणवत नाही. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसताना, रोमहून आलेली नियमावली कुणी पाहिलेली नसताना, पिढ्यान्‌पिढ्या ज्या काठीवर शपथा झाल्या तिच्यावर विश्वास ठेवणं स्वाभाविक होतं. केलाखनं पाठवलेली काठी मॅलकीकडे होतीच, पण ती एका बिशपाची काठी होती. नीअल त्या दोन वस्तू घेऊन गावोगाव फिरला आणि लोकांनी त्याचं स्वागत केलं.

शहर मिळालं तरी धोका टळला नव्हता. राजानं परत जाण्यापूर्वी क्लान शीनखच्या एका बड्या माणसाकडून शांततेची शपथ घेतली होती, ओलीसही ठेवून घेतले होते. तरी त्यानं कट केला. समेट करायचा आहे असं सांगून मॅलकीला त्यानं आपल्या घरी बोलावलं आणि आत हत्यारबंद माणसं बसवली. बातमी फुटली. बरोबरचे मठवासी विनवू लागले, जाऊ नका. मॅलकी म्हणाला, मला माझ्या प्रभूसारखं वागू द्या. नम्रतेनं कदाचित तो माणूस वाकेल. तीन शिष्य बरोबर घेऊन तो चालत त्या घरात गेला. आत सगळे तयारीत बसलेले. तो समोर येताच कुणाचाही हात उठला नाही. मारायला जमलेली माणसं उठून उभी राहिली आणि समेटाची भाषा खरोखरच सुरू झाली. चरित्रात चमत्कार पुष्कळ आहेत, कुठे आजार बरे होतात, कुठे निंदकाची जीभ सडते. त्या सगळ्यांत हा प्रसंग मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो. मारेकऱ्यांनी मनात ज्याचं चित्र रंगवलं होतं तो घराण्याचा वैरी. दारात उभा राहिला तो तीन माणसांबरोबर, हातात काही नसलेला एक मठवासी. शिवाय पाहुण्याला घरात मारणं हा गेलिक समाजात कधीही न पुसला जाणारा कलंक, हे त्या घरमालकालाही त्या क्षणी आठवलं असणार.

मग काठी. बर्नार एवढंच सांगतो, की नीअलला पवित्र वस्तू परत द्याव्या लागल्या आणि तो गप्प बसला. आयरिश वृत्तांत अधिक स्पष्ट आहे. ११३५ मध्ये काठीचा राखणदार फ्लान, तोही क्लान शीनखचाच, वारला. त्याच वर्षी, ७ जुलै रोजी, मॅलकीनं बाखल ईसू विकत घेतली आणि ती जिथं लपवलेली होती त्या गुहेतून बाहेर काढली.

विकत घेतली, हा शब्द बर्नारच्या चरित्रात नाही, आणि का नाही ते समजण्यासारखं आहे. पैसे देऊन पवित्र गोष्ट मिळवणं हाच तर बर्नारसारख्या, चर्च सुधारू पाहणाऱ्यांच्या लेखी मोठा दोष होता. पण मॅलकीनं पद विकत घेतलं नव्हतं. लोकांच्या मनात पदाला चिकटलेली वस्तू तिच्या राखणदारांकडून सोडवून आणली होती. त्याच्यापुढे दुसरे दोन मार्ग होते. राजाची फौज घेऊन काठी हिसकावायची, किंवा काठीला काही अर्थ नाही असं जाहीर करायचं. पहिल्यानं माणसं मेली असती. दुसऱ्यानं लोक दुखावले असते आणि नीअल आणखी मोठा झाला असता. मोबदला देऊन त्यानं त्या घराण्याचा काठीवरचा हक्क एका अर्थी मान्य केला आणि त्याच व्यवहारात तो संपवलाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, आणि चरित्रकारानं तो झाकायला नको होता.

अट पाळली

११३७ मध्ये मॅलकीनं पद सोडलं. काठी आर्मात परत आली होती, चर्च मोकळं झालं होतं, अट पुरी झाली होती. त्याच्या जागी आला गिला मॅक लीअग, डेरीच्या मठाचा प्रमुख. ही निवड फार विचारपूर्वक झालेली दिसते. तो क्लान शीनखचा नव्हता, उआ मोर्गरही नव्हता. डेरी हे संत कोलमकिल या जुन्या आयरिश संताच्या परंपरेचं केंद्र, केनेल ओवेनच्या राजांशी जवळीक असलेलं. ज्या राजांच्या बळावर आर्मा शांत राहणार होतं त्यांना हा माणूस परका वाटणारा नव्हता. मॅलकीनं फौजेच्या जोरावर आणलेला आणि वादात सापडलेला स्वतःचा कार्यकाळ संपवला, आणि ज्याच्याविरुद्ध कुणाचंच वैर नव्हतं अशा माणसाला स्वच्छ सुरुवात करून दिली. तो स्वतः आर्मात चिकटून राहता, तर क्लान शीनखला त्याच्या मरणाची वाट पाहत बसण्याचं कारण उरलं असतं.

मॅलकी जुन्या धर्मप्रांताकडे परतला आणि तिथंही त्यानं विभागणीच केली: त्यातला कॉनरचा भाग दुसऱ्या बिशपाला दिला, डाउनचा स्वतःकडे ठेवला. नीअलबद्दल वृत्तांतात ११३९ ची नोंद आहे. काही काळ पॅट्रिकचा कोमर्बा राहिलेला नीअल कठोर प्रायश्चित्तानंतर वारला. त्याला कोमर्बा म्हणायला वृत्तांतकार अजूनही तयार होते, हे इथं नोंदवण्यासारखं.

त्यानंतरचं मॅलकीचं आयुष्य जास्त प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ११३९ मध्ये तो रोमला निघाला, आर्मा आणि कॅशेल या दोन्ही गाद्यांसाठी पॅलियम मागायला. पॅलियम म्हणजे पोपकडून आर्चबिशपाला मिळणारा पांढऱ्या लोकरीचा पट्टा. तो मिळाल्याशिवाय पद रोमच्या लेखी पक्कं होत नाही. वाटेत क्लेर्व्होला बर्नार भेटला आणि मॅलकीला तिथंच राहावंसं वाटलं. पोप इनोसंट दुसरा याने राहायला परवानगी दिली नाही आणि पॅलियमही दिलं नाही. देशाची धर्मसभा भरवा आणि सगळ्यांच्या वतीनं मागा, असं सांगितलं. पण आपल्या डोक्यावरचा मुकुट काढून त्यानं मॅलकीच्या डोक्यावर ठेवला आणि गिल्बर्टच्या जागी त्याला आयर्लंडमधला आपला प्रतिनिधी नेमलं. मॅलकीनं क्लेर्व्होला शिकायला ठेवलेल्या माणसांतूनच ११४२ मध्ये मेलिफाँटचा मठ उभा राहिला, आयर्लंडमधला पहिला सिस्टर्शियन, म्हणजे क्लेर्व्होच्याच पंथाचा, मठ. बँगरला त्यानं दगडी प्रार्थनागृह बांधायला घेतलं तेव्हा एक गावकरी आडवा आला: आम्ही आयरिश आहोत, गॉल (म्हणजे फ्रान्सकडचे) नाही, ही कसली थेरं? मॅलकीला हा विरोध आयुष्यभर पुरला.

११४८ मध्ये धर्मसभा भरवून, तिची मागणी घेऊन तो पुन्हा पोपकडे निघाला. क्लेर्व्होला पोचला, आजारी पडला आणि २ नोव्हेंबरला बर्नारच्या समोर वारला. वय चोपन्नच्या आसपास. पॅलियम त्यानं पाहिलंच नाही. ११९० मध्ये पोप क्लेमंट तिसरा याने त्याला संत घोषित केलं.

तोडगा टिकला का, हा प्रश्न अशा प्रकरणात विचारलाच पाहिजे. गिला मॅक लीअग आर्माच्या गादीवर ११७४ पर्यंत, म्हणजे तब्बल सदतीस वर्षं राहिला. ११५२ च्या धर्मसभेत पोपच्या दूतानं चार पॅलियम आणली, आर्मा, कॅशेल, डब्लिन आणि ट्यूमसाठी. मॅलकीनं दोन मागितली होती. आर्माची गादी क्लान शीनखकडे पुन्हा गेली नाही. खालच्या थरात मात्र जुनी रीत चालूच राहिली. अल्स्टरच्या गावोगावी चर्चच्या जमिनी वंशपरंपरेनं सांभाळणारी घराणी पुढची साडेचारशे वर्षं आपल्या जागी होती; सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारनं जमिनींची चौकशी केली तेव्हाही त्यांचे हक्क दप्तरात नोंदले गेले. आर्माच्या पोथीचे राखणदारही असेच एक घराणं होतं, आणि त्या कामाबद्दल त्यांच्याकडे जमिनी होत्या. मॅलकीनं मोडली ती सर्वांत वरची गादी. खालच्या घराण्यांना त्यानं हात लावला नाही, आणि सगळं एकदम मोडायला निघाला असता तर वरची गादीही त्याच्या हाती लागली नसती, असं माझं मत आहे.